तार तोडावी की ठेवावी? 'स्वायत्त घरा'ची दोन पुस्तके

१९७५ साली लंडनच्या 'टेम्स अँड हडसन' या प्रकाशनसंस्थेने 'द ऑटोनॉमस हाउस' नावाचे एक पुस्तक काढले. लेखक होते ब्रेंडा आणि रॉबर्ट व्हेल हे वास्तुशिल्पी दांपत्य. पंचवीस वर्षांनी, म्हणजे २००० साली, त्याच दोघांचे 'द न्यू ऑटोनॉमस हाउस' हे दुसरे पुस्तक आले. पहिल्या पुस्तकात न बांधलेल्या घराचा विचार आहे, तर दुसऱ्यात बांधलेल्या आणि राहून पाहिलेल्या घराचा हिशेब आहे. विजेची तार, गॅसची नळी आणि पाण्याचा नळ यांच्याशिवाय घर चालेल का, या प्रश्नावर आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. पण ही दोन पुस्तके एकापाठोपाठ एक वाचली, तर त्या प्रश्नाचे उत्तर लेखकांच्या हातूनच कसे बदलत गेले ते दिसते. विज्ञान शिकवणाऱ्यांना या बदलातून बरेच काही मिळण्यासारखे आहे, म्हणून हा परामर्श.

पहिल्या पुस्तकाची पार्श्वभूमी आधी ध्यानात घ्यायला हवी. १९७३ च्या अखेरीस तेलाच्या किमती भडकल्या. इंग्लंडमध्ये त्याच सुमारास कोळसा खाण कामगारांचे आंदोलन चालू होते. वीज वाचवण्यासाठी जानेवारी ते मार्च १९७४ या काळात बहुतेक उद्योगांना आठवड्यात तीनच दिवस वीज वापरण्याची परवानगी होती. बटण दाबले की दिवा लागतो, ही गोष्ट गृहीत धरलेल्या समाजाला बसलेला तो धक्का होता. अशा वेळी 'आमचे घर आम्हीच चालवू' हा विचार अनेकांना भावला तर नवल नाही. व्हेल दांपत्याने त्या भावनेला अभ्यासाचे रूप दिले. त्यांच्या व्याख्येनुसार स्वायत्त घर म्हणजे आपल्या आसपासच्या परिसरातून जे मिळेल तेवढ्यावरच चालणारे घर. ऊन, वारा आणि पाऊस आत येतील. वीज, गॅस, पाणी, सांडपाणी यांच्या सार्वजनिक जोडण्या मात्र नाहीत. अशा घराची तुलना त्यांनी जमिनीवरच्या अवकाशस्थानकाशी केली आहे.

पुस्तकाची मोठी बाजू अशी की ते नुसत्या उत्साहावर लिहिलेले नाही. सूर्य, वारा, उष्मापंप, कचरा, पाणी, विद्युत्घट, उष्णतेचा साठा असे एकेक साधन घेऊन त्यातून किती मिळेल आणि किती लागेल, याची मांडणी ते करते. त्या काळच्या 'निसर्गाकडे चला' छापाच्या लिखाणात ही शिस्त दुर्मीळ होती. पण याच मांडणीत पुस्तकाची एक उणीवही दडलेली आहे. प्रकरणे साधनांच्या नावांनी पुढे सरकत असल्याने घर म्हणजे अनेक यंत्रांची बेरीज, अशी वाचकाची समजूत होण्याचा संभव राहतो. भिंत आणि छप्पर यांचा विचार पुस्तकात नाही असे नाही. पण गोष्टीचे नायकपण त्यांच्याकडे येत नाही. ते पुढे बांधलेल्या घरात आले.

भिंतीचे गणित

ते घर इंग्लंडच्या नॉटिंगहॅमशायर परगण्यातील साउथवेल या गावात १९९३ साली पूर्ण झाले. भिंतींच्या दोन थरांमध्ये सुमारे २५ सेंटीमीटर जाडीचा उष्णतारोधक थर, छपरात अर्धा मीटर जाडीचा थर, खिडक्यांना काचांचे तीन पदर, आणि आतल्या बाजूला विटा-काँक्रीटचे भरपूर वजन. पावसाचे पाणी तळघरातल्या टाक्यांत साठवायचे, संडास मैलखत तयार करणारा. घर गरम करण्यासाठी इंग्लंडमधल्या घरांत सर्रास असते तशी गरम पाण्याच्या नळ्यांची यंत्रणा नाही. लाकडाची एक छोटी शेगडी तेवढी.

हिवाळ्यात जिथे पारा शून्याच्या आसपास असतो तिथे हे चालते कसे? साधा हिशेब मांडून पाहू या. पुढचे आकडे साउथवेलच्या घराचे नाहीत, आपण समजण्यासाठी घेतलेल्या एका घराचे आहेत.

भिंतीतून बाहेर जाणारी उष्णता तीन गोष्टींवर अवलंबून असते : भिंतीचे क्षेत्रफळ, आतल्या व बाहेरच्या तापमानांतील फरक आणि भिंतीचा पाझर. पाझर म्हणजे एक अंश फरकाला एका चौरस मीटरमधून किती वॅट निसटतात तो आकडा. नऊ इंची विटांच्या साध्या भिंतीसाठी तो सुमारे २ असतो. दगड वितळवून काढलेल्या तंतूंची लोकर, जिला बाजारात रॉकवूल म्हणतात, ती मध्ये २५ सेंटीमीटर भरली तर तो सुमारे ०.१५ वर येतो.

समजा भिंतींचे क्षेत्रफळ १०० चौरस मीटर आहे, आत १८ अंश आणि बाहेर ३ अंश सेल्सिअस तापमान आहे. म्हणजे फरक १५ अंशांचा. साध्या भिंतीतून २ × १०० × १५ = ३००० वॅट निसटतात. दिवसाला ७२ युनिट झाले. लोकर भरलेल्या भिंतीतून ०.१५ × १०० × १५ = २२५ वॅट, दिवसाला साडेपाच युनिटांहूनही कमी.

आता एक माणूस शांत बसला असता त्याच्या शरीरातून सुमारे १०० वॅट उष्णता बाहेर पडते. चार माणसे दिवसातले बारा तास घरात असली तर ४ × १०० × १२ = ४८०० वॅट-तास, म्हणजे जवळजवळ पाच युनिट. भिंतीतून जेवढी उष्णता जाते तेवढी घरातली माणसेच जवळपास भरून काढतात! छप्पर, खिडक्या आणि हवेची ये-जा यांतून जाणारी उष्णता वेगळी धरावी लागेल. पण तिच्यासाठी स्वयंपाक, दिवे, शीतकपाट आणि खिडकीतून येणारे ऊन हाताशी आहेत. थोडीफार तूट उरते ती शेगडीची.

आतल्या वजनाचे कामही असेच पाहता येईल. विटा आणि काँक्रीट मिळून १०० टन वजन उष्णतारोधक थराच्या आत आहे असे धरा. एक किलोग्रॅम काँक्रीट एका अंशाने थंड होताना सुमारे ०.९ किलोज्यूल उष्णता सोडते. १०० टन एका अंशाने थंड होताना ९०,००० किलोज्यूल, म्हणजेच २५ युनिट सोडेल. सगळ्या वाटांनी मिळून घर ६०० वॅट गमावत असेल, तर दिवसाला १४.४ युनिट जातात. घर कुलूप लावून सोडले तरी ते दिवसाला अर्ध्या अंशाहून थोडेच जास्त थंड होईल. आठवडाभर आभाळ दाटले तरी काही बिघडत नाही. मात्र हे वजन थराच्या आत हवे. थर आतून लावला आणि विटा बाहेर राहिल्या, तर तो साठा रस्त्यालाच ऊब देत बसेल.

हीच गोष्ट लाकडाच्या भाषेत सांगता येते. वाळलेल्या लाकडाच्या एका किलोग्रॅममधून सुमारे चार युनिट उष्णता मिळते. गळक्या घराला वर्षाकाठी १५,००० युनिट लागत असतील, तर शेगडीतून अजिबात वाया गेले नाही असे धरूनही पावणेचार टन लाकूड जळेल. उत्तम बांधलेल्या घराला १५०० युनिट पुरले, तर पावणेचारशे किलोग्रॅम. पहिल्या घराने लाकडाला 'नूतनीकरणक्षम' म्हणणे आणि दुसऱ्या घराने म्हणणे यांत फरक आहे. वीजजोडणी नसलेल्या घरांच्या कौतुकपर वर्णनांत लाकडाची ही मोळी आणि मागच्या पडवीतला डिझेल जनित्र बहुधा फोटोच्या बाहेर राहतात. घर तपासायचे तर तेच आधी शोधावेत.

जिथे हिशेब अडतो

आता विजेकडे वळू. साउथवेलच्या घराला सुमारे २.२ किलोवॅटच्या सौरपट्ट्या बागेतल्या मांडवावर बसवल्या होत्या. पहिले पुस्तक लिहिले गेले तेव्हा सौरघट ही उपग्रहांवर वापरायची महागडी वस्तू होती. त्यानंतर त्यांची किंमत शंभरपटीहून अधिक उतरली आहे. मात्र या घराला विजेची सार्वजनिक तारही जोडलेली होती. दिवसा जास्तीची वीज तारेत सोडायची आणि रात्री तारेतून घ्यायची. पाणी, सांडपाणी आणि गॅस यांच्या जोडण्या टाळणाऱ्या लेखकांनी विजेची जोडणी मात्र ठेवली. पहिल्या पुस्तकातील व्याख्या इथे मोडली. ती का मोडली, हेच या दोन पुस्तकांमधले सर्वांत मोलाचे प्रकरण आहे.

इंग्लंडात एक किलोवॅटच्या सौरपट्ट्या वर्षाला साधारण ८५० युनिट देतात. २.२ किलोवॅटचे सुमारे १८७० युनिट झाले. दिवसाची सरासरी पाच युनिट. काटकसरीने राहणाऱ्या कुटुंबाला तेवढी पुरावी. म्हणजे वर्षाचा हिशेब जुळला. पण साउथवेल ५३ अंश उत्तर अक्षांशावर आहे. २२ डिसेंबरच्या सुमारास भर दुपारी सूर्य तिथे क्षितिजापासून ९० – ५३ – २३.५ = १३.५ अंशच वर येतो. पाच मीटर उंचीच्या घराची सावली तेव्हा वीस मीटरच्या पुढे जाते. दिवस लहान, त्यात ढग. डिसेंबरात मिळणारी वीज जूनमधल्या विजेच्या पाचव्या भागाइतकी किंवा त्याहूनही कमी भरते. नोव्हेंबर ते जानेवारी या नव्वद दिवसांत रोज दोन युनिट मिळाली आणि पाच लागली, तर रोजची तूट तीन युनिटांची. एकूण २७० युनिट.

ती उन्हाळ्यात साठवून ठेवायची म्हटले तर? आपल्याकडे इन्व्हर्टरला लावतात ती १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांची बॅटरी घ्या. १२ × १५० = १८०० वॅट-तास, म्हणजे १.८ युनिट. शिसे-आम्ल बॅटरी अर्ध्याहून अधिक रिकामी करू नये, नाहीतर तिचे आयुष्य घटते. म्हणून हाती ०.९ युनिट. २७० युनिटांसाठी ३०० बॅटऱ्या लागतील, त्यांचे वजन सुमारे १५ टन. आजच्या लिथियम बॅटऱ्या हलक्या आहेत, पण तरीही हा साठा चार-पाच मोठ्या विजेरी मोटारींमधल्या बॅटऱ्यांएवढा होतो. तीन ढगाळ दिवसांपुरता साठा करायचा तर मात्र १५ युनिट, सतरा बॅटऱ्या पुरतात.

फरक नुसता संख्येचा नाही. रोजचा साठा वर्षातून तीनशेहून अधिक वेळा भरतो आणि रिकामा होतो, म्हणून त्याची किंमत वसूल होते. ऋतूचा साठा वर्षातून एकदाच कामाला येतो. बारा हजार रुपयांची एक बॅटरी धरली तर तीनशे बॅटऱ्यांचे ३६ लाख रुपये होतात, आणि त्यांतून वर्षाला निघणार २७० युनिट. आठ रुपयांच्या दराने २१६० रुपयांची वीज! शिवाय सहा महिने पडून राहिलेली बॅटरी आपोआप उतरते ते वेगळेच.

थोडक्यात, ऊब आणि वीज ही दोन वेगळी गणिते आहेत. उष्णता निसटू न देणे हे भिंतीचे काम आहे, आणि भिंत एकदा बांधली की ती पन्नास-शंभर वर्षे न बोलता ते करत राहते. विजेला अशी भिंत नाही. ती जिथे आणि जेव्हा जास्त आहे तिथून जिथे कमी आहे तिथे न्यावी लागते, आणि त्यासाठी माणसाने शोधलेले सर्वांत चांगले साधन म्हणजे तारांचे जाळे. व्हेल दांपत्य या निष्कर्षाशी प्रत्यक्ष बांधकामातून आले.

माझा आक्षेप शीर्षकावर आहे. तार ठेवल्यावरही दुसऱ्या पुस्तकाने 'स्वायत्त' हे विशेषण सोडले नाही. घर वर्षभरात जेवढे घेते तेवढे परत देते, हे खरे मानले तरी डिसेंबरच्या संध्याकाळी दिवा लागतो तो दुसऱ्या कुणीतरी, बहुधा दूरच्या वीज केंद्राने केलेल्या विजेवर. वर्षाची बेरीज जुळली म्हणून प्रत्येक तासाची जुळत नाही. 'वार्षिक जमाखर्च शून्य' हे कौतुकास्पद आहेच, पण त्याला स्वायत्तता म्हटले की तारेच्या पलीकडचे लोक, यंत्रे आणि खर्च वाचकाच्या नजरेआड होतात. पुस्तकाने या ठिकाणी अधिक मोकळेपणाने 'आम्ही आमची व्याख्या बदलली आहे' असे ठळकपणे मांडायला हवे होते. ती माघार नव्हती, शिकणे होते.

जागा बदलली की उत्तर बदलते

हा निष्कर्ष सगळीकडे तसाच उचलता येणार नाही, हेही लक्षात ठेवायला हवे. लडाखमध्ये लेहजवळच्या फे गावी सेकमॉल या शैक्षणिक संस्थेने उभारलेला परिसर पाहा. समुद्रसपाटीपासून तीन हजार मीटरहून अधिक उंची, हिवाळ्यात शून्याखाली वीस अंशांपर्यंत जाणारी थंडी. पण आभाळ बहुतेक दिवस निरभ्र. लेहच्या अक्षांशावर, म्हणजे सुमारे ३४ अंशांवर, डिसेंबरातही दुपारचा सूर्य साडेबत्तीस अंश वर असतो. दक्षिणेकडे मोठ्या काचा आणि आत जाड मातीच्या भिंती असलेल्या तिथल्या इमारती उन्हावर उबदार राहतात, आणि सौरपट्ट्यांची वीज हिवाळ्यातही हातात पडते. ऋतूचा साठा लागतच नाही, रात्रीचा पुरतो. तार नसलेल्या घराची कल्पना इंग्लंडात अडखळते आणि लडाखात चालते, याला जबाबदार घर बांधणाऱ्यांची हुशारी कमी आणि सूर्याची उंची व ढग जास्त.

व्हेल यांच्याच पुढच्या कामातून आणखी एक दिशा दिसते. साउथवेलपासून जवळच हॉकर्टन येथे त्यांच्या आराखड्यानुसार १९९८ साली पाच घरांची एक ओळ पूर्ण झाली. घरांच्या उत्तरेला आणि छपरावर माती, दक्षिणेला काचेची पडवी. पुढच्या काळात तिथे पवनचक्क्या आणि सौरपट्ट्या आल्या. वाऱ्याची शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट तर शक्ती आठपट. त्यामुळे प्रत्येकाच्या छपरावर छोटे पाते लावण्यापेक्षा मोकळ्या जागी, उंचावर, सर्वांनी मिळून एक चक्की उभी करणे केव्हाही शहाणपणाचे. 'माझे घर'पासून 'आमची वस्ती'पर्यंतचा हा प्रवास पहिल्या पुस्तकातल्या अवकाशस्थानकापासून बराच दूर आलेला आहे.

यात एक सामाजिक प्रश्नही आहे. जिथे तार पोचलीच नाही अशा पाड्यावर सौर दिवा हे पहिले पाऊल असते. त्याला कोणी हौस म्हणू नये. पण जिथे तार आहे तिथे सधन घरांनी एकेक करून ती तोडली, तर खांब, रोहित्रे आणि दुरुस्ती यांचा खर्च उरलेल्यांच्या बिलावर चढतो. स्वयंपूर्णता हा व्यक्तीचा सद्गुण म्हणून शिकवताना ही बाजू सांगायची राहून जाते.

वर्गात काय करता येईल?

महाराष्ट्रात आता अनेक छतांवर सौरपट्ट्या दिसतात. २०२४ साली सुरू झालेल्या 'पीएम सूर्य घर' योजनेने त्यात भर घातली आहे. या बहुतेक घरांची रचना साउथवेलसारखीच आहे : तार ठेवायची आणि देवाणघेवाण करायची. विद्यार्थ्यांना एक प्रश्न घालता येईल. भर दुपारी, लख्ख उन्हात, गावातली वीज गेली तर अशा घरातले पंखे चालू राहतील का? बॅटरी नसलेल्या साध्या रचनेत ते बंद पडतात. बंद समजलेल्या तारेवर काम करणाऱ्या कामगाराला छतावरची वीज धक्का देऊ नये, म्हणून यंत्रणा स्वतःला तारेपासून तोडून घेते. 'माझी वीज' आणि 'सर्वांची तार' यांचे नाते या एका प्रश्नातून जितके उलगडते तितके व्याख्यानातून उलगडणार नाही.

दुसरा उपक्रम हिशेबाचा. आठवी-नववीच्या मुलांना घरच्या वीज बिलावरचे बारा महिन्यांचे युनिट आणायला सांगा. त्यावरून रोजची सरासरी, मग सर्वांत कमी ऊन असलेल्या महिन्याची गरज, आणि तीन ढगाळ दिवसांसाठी लागणाऱ्या बॅटऱ्या काढता येतील. आपल्याकडे अडचणीचा काळ डिसेंबर नाही. पुण्यात तेव्हा दुपारचा सूर्य ४८ अंश वर असतो. अडचण जुलै-ऑगस्टच्या ढगांची आहे, हे मुलांना आकड्यांतून स्वतः सापडू द्या. आपल्याला घर गरम करायचे नसून थंड ठेवायचे असते. मग रॉकवूलच्या जागी छपराची सावली, चुन्याचा पांढरा हात आणि समोरासमोरच्या खिडक्या यांचा विचार सुरू होईल. पाझराचे सूत्र मात्र तेच राहते. उष्णतेची दिशा तेवढी उलटते.

दोन्ही पुस्तके इंग्रजीत आहेत आणि त्यांतली घरे परक्या हवेसाठी आहेत, म्हणून ती जशीच्या तशी आपल्या उपयोगाची नाहीत. तरीही शाळेच्या ग्रंथालयात ती असावीत असे वाटते. पहिल्यात एक कल्पना आकड्यांनी घासून पाहिली आहे, आणि दुसऱ्यात त्याच लेखकांनी तिच्यातला जेवढा भाग टिकला तेवढाच बांधला आहे. पंचवीस वर्षांच्या अंतराने केलेला असा फेरतपास वाचायला क्वचित मिळतो.